बोलून संपवायचं गाणं

माझी धाकटी बहीण नेसा विसाव्या वर्षी स्वतः गाणी लिहून गाऊ लागली. तिचे दोन अल्बम निघाले. पहिला गॉलवे शहरात बरा खपला, दुसरा मुख्यतः नातेवाइकांनी घेतला. पबमध्ये ती गिटार घेऊन गायची आणि लोक तिच्याकडे पाठ करून फुटबॉलवर बोलत बसायचे. मग एका लग्नात डीजे आलाच नाही म्हणून तिने त्याचं काम केलं, आणि पाठ करून बसणारे तेच लोक तिने लावलेल्या गाण्यांवर घाम येईस्तोवर नाचले. तेव्हापासून ती डीजे झाली. गाणं सोडलं असं ती कधी म्हणाली नाही. तो विषय निघेनासा झाला, एवढंच.

गेल्या नाताळात तिने नोनी आत्याचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आत्या बेलमुलेटच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला एकटी राहते. ज्या बाईचा नवरा खाडीत बुडाला तिचं ते गाणं आहे. आत्याला ते तिच्या आईकडून आलं. आमच्या भागात त्याला नोनीचं गाणं म्हणतात, आणि ती खोलीत असताना दुसरं कोणी ते गात नाही. नेसाने त्या आवाजाखाली ताल घातला, वर आणखी काही सूर चढवले आणि ते डब्लिनच्या एका कंपनीला पाठवलं. त्यांना ते फार आवडलं. आत्याचा होकार आला की ते बाजारात आणणार होते.

"हे झालं नाही तर मी बॅलिनात फर्निचरच्या दुकानात लागते," आत्याकडे जाताना नेसा गाडीत म्हणाली. "नेहमीच्या धमकीसारखं समजू नकोस, डिम्फ. दुकानवाल्यांना तसं सांगून ठेवलंय."

स्वयंपाकघरात आत्याने हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिची टाच जमिनीवर वाजू लागली. मला बरं वाटलं. मग टाच थांबली. गाणं पुरं होईपर्यंत आत्या नुसती बसून राहिली.

"ढोल चांगलेत," हेडफोन काढत ती म्हणाली. "मध्येच फ्रीज बिघडल्यासारखं काहीतरी वाजतं, तेही चालेल. पण शेवट कुठाय?"

"म्हणजे?"

"तू मला बाहेरच काढलं नाहीस गं, पोरी."

आमच्याकडे अशी गाणी डोळे मिटून गातात आणि शेवटचे शब्द गायचे सोडून साध्या आवाजात बोलतात, दुकानात दूध मागावं तसे. त्या शब्दांबरोबर गाणारा परत खोलीत येतो. लोक हलतात, कोणीतरी शाबासकी देतं, आणि पुढे कोणी गायचं ते पुकारायचा मान गाणाऱ्याला मिळतो. नेसाने ते बोललेले शब्द कापले होते आणि त्यांच्या आधीची ओळ फिरत ठेवली होती. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, पुढचं गाणं सुरू होईपर्यंत.

"आत्या, तिथे थांबता येत नाही. मी थांबले की लोक बिअर आणायला जातात. एका गाण्याच्या पोटात दुसरं सुरू करायचं, हेच तर माझं काम."

"जाऊ देत की. तहान लागली असेल बिचाऱ्यांना."

"थट्टा नको गं!"

"थट्टा कोण करतंय? त्या बाईचा नवरा बुडालाय, आणि तू मला त्याच एका लाटेवर वर-खाली करतेयस. डिम्फ, तू शाळेत शिकवतेस ना? सांग हिला."

"मी रसायनशास्त्र शिकवते, आत्या."

"मग चहा ओत."

नेसाने चहाला हात लावला नाही. निघताना आत्याने तिच्या कोटाची बाही धरली. "रविवारी गावच्या जत्रेत तू वाजवणार आहेस ना? तिथे लाव. लोकांचे पाय बघते आणि सांगते."



रविवारी दुपारी तंबूत पोरंटोरं, तरुण पाद्रीबाबा आणि रस्सीखेचीतून चिखलासकट आलेले पुरुष, सगळेच नाचत होते. आत्या कोट घालून पुढच्या खुर्चीत बसली होती. तिचं गाणं सुरू झालं तेव्हा ती माणसांच्या बुटांकडे बघत होती. ती ओळ फिरू लागली आणि नाच वाढला. मग नेसाने ताल खाली आणला, तो पार नाहीसा होईपर्यंत, आणि रिकाम्या झालेल्या स्पीकरमधून आत्याचा साधा आवाज आला, "आणि मी इथेच उभी."

पुढे काहीच नाही. दोन लहान मुलं तशीच उड्या मारत राहिली. एक माणूस खरोखरच बिअरकडे वळला. नेसाचं बोट पुढच्या गाण्याच्या बटणावर होतं. पण ते तिने दाबलं नाही.

"शाब्बास, नोनी!" रस्सीखेचीच्या संघातला पॅडजो मागून ओरडला, एखाद्याच्या स्वयंपाकघरात ओरडावं तसा. "पुकार! कोणाला पुकारतेस?"

माणसं वळली. आत्या खुर्चीला धरून उठली. "नेसा लाव्हेल."

"आत्या, मी कामावर आहे!"

"मान माझा आहे."

पुकारलेल्याने नाही म्हणायचं नसतं. नेसा टेबलामागून पुढे आली आणि दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं गायला लागली, घरच्यांखेरीज फारसं कोणी न ऐकलेलं. सूर फार खाली धरला गेला होता, त्यामुळे पहिलं कडवं जेमतेम ऐकू आलं. दुसऱ्यापासून आवाज मोकळा झाला. तिने डोळे मिटले होते. बिअरकडे गेलेला माणूस ग्लास घेऊन परत आला आणि उभ्या उभ्या ऐकत राहिला. शेवटचे शब्द तिने बोलून टाकले, आणि मग मान तिचा असल्यामुळे तिने मला पुकारलं. मला गाता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे. मी शाळेत पाठ केलेली एक कविता म्हटली.

"दे त्या डब्लिनवाल्यांना," परतताना आत्या गाडीत म्हणाली. "शेवटासकट."

कंपनी थोडी कुरकुरली, पण त्यांनी ते तसंच काढलं. नेसाला आता लांबलांबची बोलावणी येतात. फर्निचरच्या दुकानात दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. रेडिओवाले मात्र गाणं शेवटच्या शब्दांच्या आधीच बंद करून जाहिराती लावतात, आणि दर वेळी आत्या त्यांना फोन करून ते शब्द स्वतः बोलून दाखवते.