बोंबेचे तीस दिवस

कानाची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणी कुणाचं ऐकत नाही, ही तिथली सगळ्यात जुनी थट्टा. कंपनीची सगळी माहिती तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत, रांगेने मांडलेल्या यंत्रांत साठवलेली असे. त्या खोलीचं नाव पडलं होतं कोठी आणि ती सांभाळणाऱ्या बाईचं कोठीवाली. पन्नाशीला टेकलेली, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसणारी आणि "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाणारी बाई.

तिची तिडीक काही उगाच नव्हती. सहलीची एकच चित्रफीत चौदा जणांनी चौदा ठिकाणी ठेवली होती. 'अंतिम', 'अंतिम खरं', 'हेच अंतिम' आणि 'कृपया हेच वापरा' अशा नावांचे अहवाल होते आणि त्यातला एकही कुणी वापरत नव्हतं. ही सगळी अडगळ जागी आणि थंड ठेवायला चाळीस घरांची वीज जाई, शिवाय रोज टाकीभर पाणी. घरातली अडगळ निदान माळ्यावर मुकाट पडून असते, ही चोवीस तास खात होती. त्यामुळे "वर्षात वीज निम्म्यावर आणा" असं मॅनेजरबाईंनी सांगितलं, तेव्हा कोठीवालीला पडत्या फळाची आज्ञा झाली.

चार महिन्यांत तिने चौदातल्या तेरा सहली पुसल्या, अंतिमांचा अंत केला आणि सात यंत्रं बंद केली. मग उरला ठोकळा. हे बारा वर्षांचं राखाडी यंत्र एकटं चार घरांची वीज खाई, आणि त्यावर काय आहे, ते कुणाचं आहे, हे कंपनीत कुणालाच सांगता येईना. चिकटवलेल्या कागदावरची शाई उडाली होती. ज्याने ते लावलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

अशा बेवारशी यंत्रांसाठी या धंद्यात एक रीत आहे. यंत्राची बाहेर जाणारी तार काढायची आणि वाट बघायची. ज्याचं अडेल तो बोंब मारत येईल. तीस दिवस कुणीच आलं नाही, तर यंत्राच्या पोटातल्या, माहिती साठवलेल्या तबकड्यांना भोकं पाडायची आणि ते भंगारात द्यायचं. हिला सगळे बोंब-चाचणी म्हणत. मागे एकदा तार काढल्यावर अकराव्या मिनिटाला जाहिरात विभाग बोंबलत खाली आला होता. त्या यंत्रावर होतं काय, तर वाढदिवसांची यादी.

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. "काढा तार. ज्याला लागत असेल तो रडेल."

एक गोष्ट मात्र कोठीवालीने पाहिली आणि कानामागे टाकली. रोज पहाटे बाहेरून चारशेच्या आसपास इवल्या इवल्या विचारणा ठोकळ्याकडे येत आणि तो प्रत्येकीला ओळभर उत्तर देई. यंत्रं आपसात बडबडतच असतात, असं तिने स्वतःला सांगितलं. तिला ठोकळा जायला हवा होता. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तिच्या आड येणारं त्याला दिसत नाही, आणि या बाबतीत ही बाई चारचौघांसारखीच होती.

तार काढायच्या आदल्या संध्याकाळी तिने जेवताना हे सगळं रंगवून सांगितलं. घरात ती, दादा, वहिनी आणि बाबा. बाबा एक्याऐंशीचे. पस्तीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून आतून हातोडे मारले, त्यात कान गेले. नऊ वर्षांपूर्वी लेकीने आपल्याच कंपनीची यंत्रं आणून त्यांच्या दोन्ही कानांत बसवली होती, तेव्हापासून त्यांना ऐकू जाईल म्हणून घरातलं कुजबुजणंसुद्धा बंद झालं होतं.

"तीस दिवस कुणी ओरडलं नाही ना बाबा, की मी जिंकले," ती म्हणाली.

"आणि त्या ठोकळ्याची किती वीज वाचेल?"

"चार घरांची."

"मग चांगलंच की गं," बाबा म्हणाले. भोकं पाडण्याचा भाग तिने जेवताना सांगितला नाही.

पहिला आठवडा शांततेत गेला. दुसराही. कोठीवाली रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारी आणि खूश होऊन कामाला लागे. घरी बाबा गप्प गप्प झाले होते. काही विचारलं की हसून मान डोलावत. दादाने "औषध घेतलंत का?" विचारलं तर म्हणाले, "हो, छान झालं होतं." एकदा चहाचं आधण जळून भांडं काळं झालं, झाकण थडथड वाजत होतं आणि बाबा तिथेच, हातभरावर, पेपर वाचत बसले होते.

तिसऱ्या आठवड्यात दादा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. कोठीवालीही बरोबर गेली. डॉक्टरांनी कानांतली यंत्रं पाहिली, म्हणजे ऐकू येतच असणार, असं धरून चालले आणि विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

बाबांच्या कानापर्यंत पोचलं ते 'आजार कोणता'. "गुडघे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचे प्रश्नही याच वाटेने गेले. बाहेर आल्यावर दादाचा चेहरा पडला होता. "बाबांचं डोकं चालेनासं झालंय," तो म्हणाला, तेही बाबांच्या शेजारी उभं राहून.

मग वृद्धांच्या निवासाची चौकशी झाली. तिघंही कामावर जाणारी, दिवसभर घरी कोण थांबणार, उद्या घराला आग लागली तर? वहिनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि ती ते रडतच म्हणाली. हे बोलणं रोज जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या देखत होई. बाबा मान डोलावत. कोठीवाली आधी "बघू या" म्हणाली, मग "बरं" म्हणाली. तिचं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज भरायचं काम तिच्याकडे आलं.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी ती अर्ज भरत होती. नवव्या रकान्यात विचारलं होतं, कानाचे यंत्र असल्यास त्याचा क्रमांक. क्रमांक पाहायला ती बाबांच्या खोलीत गेली. उशाशी यंत्रं ठेवायची पेटी होती आणि पेटीवरचा दिवा पिवळा होता. तो हिरवा हवा, हे कंपनीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. तिने पेटी उलटी केली. खाली पेटी ज्याच्याशी बोलते त्या यंत्राचा क्रमांक छापलेला होता. तो ठोकळ्याचा क्रमांक होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. या जुन्या पेट्या रोज पहाटे कंपनीला विचारत, या कानाला कुठला आवाज किती मोठा करायचा? उत्तर आलं नाही, तर चार दिवस वाट बघून सगळ्यांना सारखंच माप लावत. सगळ्यांचं माप कुणाच्याच कानाला बसत नाही.

तिने पेपरच्या कडेला लिहिलं, "दिवा कधीपासून पिवळा?"

"तू ती तार काढलीस तेव्हापासून. महिना होत आला," बाबा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने.

"मग सांगितलं का नाही?" हे लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं.

"तूच म्हणालीस ना, कुणी ओरडलं नाही तर तू जिंकलीस. म्हटलं, आपल्याच घरातून बोंब कशाला? महिन्याचा तर प्रश्न. नंतर तू सुरू करशीलच."

कोठीवालीला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या पाठोपाठ भीती वाटली, कारण तबकड्यांना भोकं पाडणारा माणूस तीन दिवसांनी येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने ठोकळ्याची तार जोडली. आत चारशे बारा माणसांच्या कानांची मापं होती. झाडून सगळी सत्तरीच्या पुढची माणसं. आणि या चारशे बारा जणांचं सगळं मिळून सहलीच्या चित्रफितीच्या पहिल्या दहा सेकंदांइतकंही भरत नव्हतं. दुपारपर्यंत तिने ते एका नव्या यंत्राच्या कोपऱ्यात हलवलं पेट्यांचा रस्ता तिकडे वळवला आणि ठोकळा बंद केला. इतकंच काम होतं. ते आधी केलं असतं तर ठोकळा महिन्यापूर्वीच गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

"मग वीज वाचली की," मॅनेजरबाई म्हणाल्या. "अहवालात लिहिते, तक्रारी शून्य."

"चारशे बारा लिहा."

"अहो, पण बोंब मारली कुणी?"

"ऐकू येत नाही ही तक्रार करायला आपण फोन ठेवलाय," कोठीवाली म्हणाली. "कोण मारणार?" मग ती माफीपत्रांच्या चारशे बारा पाकिटांवर पत्ते छापायला बसली.

हे सगळं तिने त्या संध्याकाळी घरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पेटी पहाटे विचारणार, सकाळी दिवा हिरवा झाला की सांगू, असं तिने ठरवलं. खरं कारण असं की मॅनेजरबाईंपुढे चूक कबूल करणं वेगळं आणि दादापुढे वेगळं.

सकाळी ती उठून आली तोवर तिघं चहाला बसली होती. बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. दादा आता सवयीने, भिंतीसमोर बोलावं तसा बोलत होता.

"पंधरा तारखेला खोली देतायत. कपाट लहान आहे म्हणे, चार कपडे पुरे. बाबांना आधी काही सांगायला नको. बागेत जातोय म्हणू आणि गाडीत बसवू."

"त्यांना कळणार आहे थोडंच," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसले.

बाबांनी कप बशीत ठेवला. तो ठेवताना झालेला आवाजही त्यांना ऐकू आला असावा, कारण त्यांनी कपाकडे पाहिलं.

"कपाट लहान असेल तर माझा कोट इथेच राहू दे," ते म्हणाले.

दादाच्या हातातला पाव तसाच राहिला. कोठीवाली मग दारातून पुढे आली आणि बोलायला लागली. ठोकळा, तार, पिवळा दिवा, डॉक्टरांचा प्रश्न, अर्ज, सगळं उलटसुलट, रडत आणि महिनाभराच्या सवयीने बाबांसमोर वाकून, ओरडून.

बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला सगळं ऐकू येतंय."