घासून उजळलेली चासी

मित्रांनो, मी एक जुनी चासी आहे. मोटारीची दारे, काचा आणि दिवे तुमच्या ओळखीचे असतात. त्या साऱ्यांच्या खाली लोखंडाच्या दोन लांब पोकळ तुळया असतात आणि त्यांना जोडणारे पाच आडवे दांडे असतात. इंजिन, चाके, बसणारी माणसे, सगळ्यांचा भार त्यांच्यावर. ती मी.

एका मोठ्या कारखान्यात जाड पत्रा दाबून मला आकार दिला गेला आणि काळ्या रंगाच्या हौदात बुचकळून काढले गेले. माझ्यावर फिकट निळी, डौलदार गाडी बसवली तेव्हा मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

ती गाडी एका बाईंनी घेतली. बाई मोटार चालवायला शिकवत आणि त्यांच्याकडे फक्त बायकाच शिकायला येत. नवशिक्या हातांनी गाडी बेडकासारखी उड्या मारी, आणि प्रत्येक उडी माझ्या अंगावर येई. "अगं, क्लच सोड, धीर सोडू नकोस!" असे बाई ओरडत. पंचवीस वर्षांत शेकडो बायका माझ्या आधाराने रस्त्याला लागल्या.

मग बाईंचे गुडघे गेले. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली ती अकरा वर्षे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी रोज सकाळी ओसंडून फाटक्या ताडपत्रीतून माझ्यावर गळत असे. माझ्या पोकळ तुळयांत चिखल साचला आणि गंजाने मला धरले. मध्यंतरी एका गॅरेजवाल्याने गंज न काढताच वरून जाड काळा रंग फासला. लोक म्हणाले, वा, अगदी नवी दिसते! मित्रांनो, त्या कौतुकाने मी सुखावले, हे खोटे कशाला सांगू? पण रंगाखाली गंज मला खातच होता.

पुढे बाईंच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि अडुसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा ताठ चालू लागल्या. शिकवणी परत सुरू करणार, अशी बातमी पसरताच सहा जणींनी नावे दिली. राहिली होती फक्त सरकारी तपासणी.

तपासनीस माझ्याखाली सरपटत शिरले आणि त्यांनी हातोडी मारली. भद्द! रंगाचा पोपडा निघाला आणि मूठभर लाल भुगा त्यांच्या शर्टावर पडला. बाहेर येऊन ते म्हणाले, "बाई, चासी सडलीय. एक महिना देतो. परत नापास झाली तर गाडी थेट भंगारात."

घरी बाईंसोबत त्यांच्या दिवंगत भावाची बायको राहत असे. बाई तिला वहिनी म्हणत. वहिनींनी तीस वर्षे शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती. परीक्षानळीवर एक डाग राहिला तरी त्यांना चैन पडत नसे.

बाईंनी रंगाऱ्याला बोलावले. तो म्हणाला, "दोन हात मारतो, चकाचक करून देतो."

वहिनींनी माझ्या पोटाखालून हात फिरवला. तळवा लाल झाला. "वन्सं, आधी हा गंज निघाला पाहिजे. सगळा."

"वहिनी, महिनाच आहे हातात! ही तुमची प्रयोगशाळा नाही."

"म्हणून काय घाण ठेवायची?"

बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, पण त्यांनी ऐकले आणि एका वेल्डरला बोलावले. त्याने साखळीच्या कप्पीने वरची गाडी उचलून घेतली आणि कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला. मला धुतले, लोखंडी पट्टीने खरवडले. वेल्डर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज उडवी. ग्राइंडर पोहोचत नसे तिथे वहिनी हाताने घासत. पोकळ तुळयांत हात जाईना, तेव्हा त्यांनी बाटल्या धुवायचा ब्रश लांब काठीला बांधला आणि आतला चिखल, भुगा सारा ओढून काढला. खड्ड्यांत मुरलेल्या गंजावर रसायन लावले, पुसले, पुन्हा लावले. एक आडवा दांडा पार कुजला होता. तो वेल्डरने कापून नवा बसवला. दुखले का? दुखले. पण किती हलके वाटले म्हणून सांगू!

चोविसाव्या दिवशी मी चांदीसारखी चमकत होते. उघडे लोखंड हवेत फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून त्याच दुपारी पहिला थर मारायला रंगारी येणार होता. तो आलाच नाही. हवा दमट होती. सकाळी उजाडले तेव्हा माझ्या अंगभर पिवळसर गंजाची साय धरली होती. वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांची बोटे सोलवटलेली होती.

तेवढ्यात रंगारी हजर झाला. "दुसऱ्या कामात अडकलो हो. पण एवढ्याशा पिवळेपणानं काय होतंय? रंगाखाली झाकला जाईल."

आता वहिनी भडकणार, असे मला वाटले. पण बोलल्या त्या बाई. "झाकायचं नाही! झाकून झाकूनच हिची ही दशा झाली. वहिनी, तुम्ही बसा. तो ब्रश इकडे द्या."

"वन्सं, गुडघे..."

"गुडघे नवे आहेत माझे, तुमच्या हातांपेक्षा!"

बाई घासू लागल्या. वहिनी थोड्याच बसणार? त्या दुसऱ्या टोकाकडून निघाल्या. ओशाळलेल्या रंगाऱ्यानेही बाह्या सरसावल्या. दुपारपर्यंत माझा कण न् कण पुन्हा उजळला. थिनरने पुसून अंग कोरडे होताच त्याने राखाडी थर चढवला, तुळयांच्या आतूनसुद्धा. पुढच्या दोन दिवसांत वर काळ्या रंगाचे दोन थर बसले आणि निळी गाडी माझ्यावर पुन्हा विराजमान झाली.

तपासणीच्या दिवशी बाई आणि वहिनी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. तपासनिसांनी मागून सुरुवात केली. टण्ण! मधला दांडा. टण्ण! नवा जोड. टण्ण! मित्रांनो, देवळातली घंटासुद्धा इतक्या दिमाखात वाजत नसेल. मी मुद्दाम खणखणीत वाजले. तपासनिसांनी एकेक खाच बॅटरी लावून पाहिली आणि बाहेर येऊन ते हसले.

"बाई, इतकी स्वच्छ चासी मी नव्या गाडीचीही पाहिली नाही. कुणी केलं हे काम?"

"आमच्या वहिनींनी," बाई मोठ्या आवाजात म्हणाल्या. रांगेतल्या साऱ्या ड्रायव्हरांनी वळून पाहिले, आणि वहिनी लाजून लाल झाल्या.

आता सोमवार ते शनिवार मी रस्त्यावर असते. मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पाळणा असेल, खिडकीचे गज असतील. त्यांना रंग जरूर लावा, पण आधी बसून घासा. वेळ लागेल, हात दुखतील, तरी घासा. काल एक घाबरलेली मुलगी पहिल्यांदाच स्टिअरिंगसमोर बसली आणि गाडी धाडकन खड्ड्यात गेली. माझ्यावर सगळा भार आला. मी तसूभरही वाकले नाही. मुलीला काही कळलेदेखील नाही. तिने गिअर टाकला आणि ती पुढे निघाली.