गाण्यातली नावाची जागा

किसुमूहून कातितोकडे निघालेली मटाटू मिनीबस ठासून भरली होती. मागच्या बाकावर अमोंदी, मांडीवर घुंगरांची पिशवी घेऊन. शेजारी न्यामोरी, त्याची ओरुतू छातीशी धरून बसलेला. ओरुतूला तार एकच, पण न्यामोरी तिला तान्ह्या लेकरासारखा जपायचा. अहेरो मागे पडलं, भाताची खाचरं लागली, आणि ड्रायव्हरनं नेमकं ते गाणं लावलं.

पहिल्याच छेडीला अमोंदीचे दात आवळले गेले.

न्यातितीच्या आठ तारांवर फिरणारी ती बोटं तिनं झोपेतही ओळखली असती. पायाच्या अंगठ्यातल्या लोखंडी कड्याचा तो ठोका, आणि मागून साथ देणारा बाईचा आवाज. तो आवाज तर तिचाच होता. गाणं हळूहळू त्या जागी आलं, जिथे गाणारा आपलं नाव घेतो, आईचं नाव घेतो, गाव सांगतो. ओबुराचा खणखणीत सूर चढला: "हे ओग्वेनोचं गाणं! ओग्वेनो, तळ्याकाठचा बैल!" आणि मागून अमोंदीनं साथ दिली, "ओग्वेनो, ओग्वेनो!"

दाराला लटकलेल्या कंडक्टरनं छपरावर ताल धरला. "काय गातो हा ओग्वेनो! वा!"

"तो ओग्वेनो नाही," अमोंदी म्हणाली. "ओबुरा गातोय."

"कोण ओबुरा?"

"आज ज्याच्या मातीला चाललोय तो."

"असेल बाई. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत नाव एकाचंच आहे की. ओबुरा असता तर एकदा तरी 'मी ओबुरा' म्हणाला नसता का?"

न्यामोरीनं तिला कोपरानं ढोसलं. "गप बस सेमेवाली. ह्याच्याशी भांडून काय ओबुरा उठून बसणार आहे?"

अमोंदी आत खदखदत राहिली. ओग्वेनोवर तर राग होताच, पण त्याहून जास्त राग मेलेल्या माणसावर होता.

ओग्वेनोची किसुमूत भोंगे आणि स्पीकर भाड्यानं द्यायची दुकानं. एके दिवशी त्यानं ओबुरा, अमोंदी आणि न्यामोरी ह्या तिघांना मागच्या खोलीत बोलावलं, भिंतींना गाद्या लावल्या आणि समोर रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं. "बाबा, लग्नाघरी गाता तसंच गा," तो ओबुराला म्हणाला. "बुजू नका. रीत सगळी पाळायची." मग त्यानं परात ठेवली. दर वेळी नावाची जागा आली की तो परातीत नोट टाकायचा आणि हात वर करायचा. हात वर झाला की गाणं थांबतं, ही रीत कुणी मोडत नाही. ज्यानं थांबवलं तो उभा राहून स्वतःचं किंवा सोयऱ्यांचं बिरुद सांगतो, हवं तितकं सांगतो, आणि त्यानं 'वाजवा' म्हटल्याशिवाय कुणीही पुढे जात नाही. वाजलं की गाणाऱ्यानं आधी त्याचं नाव गुंफायचं. ह्यालाच पाक्रुओक म्हणतात, आणि तळ्याकाठच्या लोकांना गाण्याइतकीच त्याची हौस.

ओबुरानं नाव गुंफलं. दर वेळी गुंफलं. पुढे ओग्वेनोनं मधले थांबे कापून टाकले, स्वतःची बडबडही कापली. उरलं गाणं आणि त्यात त्याचं नाव.

तबकडीवर चित्रही ओग्वेनोचंच आलं, हातात न्यातिती उलटी धरलेलं. अमोंदी ती घेऊन ओबुराकडे धावत गेली तेव्हा तो अंगणात बसून मासे निवडत होता. पाहून हसला मेला!

"अगं, त्यानं थांबवलं, मी नाव घेतलं. मी माझा धर्म पाळला."

"धर्म तुमचा आणि गाडी त्याची!" ती ओरडली होती.

"ओरडू नकोस, घसा बसेल. शनिवारी केंडूला गायचंय."

त्या शनिवारी केंडूच्या हॉटेलात मॅनेजर टेबलं ओलांडत आला. लोकांसमोर, ओबुराच्या तोंडावर म्हणाला, "म्हाताऱ्या, ओग्वेनोची गाणी चोरून गाऊ नकोस. स्वतःचं काही येत असेल तर गा, नाहीतर सामान आवर." ओबुरानं मान खाली घातली आणि तारा सैल केल्या. त्यानंतर ते गाणं त्यानं पुन्हा कधी वाजवलं नाही. होमा बेच्या बाजारात नाही, मबिताच्या धक्क्यावर नाही, कुणाच्या लग्नात नाही. लोक फर्माईश करायचे आणि तो खोकल्याचं निमित्त करायचा. पुढे खोकला खराच जडला.

दोघं पोचले तेव्हा ओबुराच्या घरापुढे मोठा तंबू होता. त्याच्या कनातीवर, बैल कापला होता त्या बाजूला, ओग्वेनोच्या दुकानाचं नाव रंगवलेलं. शवपेटी अंगणाच्या मध्यभागी, आणि पेटीवर ओबुराची न्यातिती, तारा सोडलेली. अमोंदीनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. गायच्या आधी ती नेहमीच तसं करायची. मग तिनं देवाचं नाव घेतलं, आणि नाव घेतानाही तिचा जबडा सैल झाला नाही.

ओबुराची बायको सिप्रोसा तिला घराच्या सावलीत घेऊन गेली. "पोरी, तुला एक मागते."

"सांग मावशी."

"पेटी उचलतील तेव्हा त्याचं ते गाणं गा. त्याचं नाव घालून. गाण्यातनं आपलं नाव गेलं ते त्याला फार लागलं होतं गं. तुमच्यासमोर हसायचा. माझ्यासमोर कधी हसला नाही." तिनं डोळे पुसले. "त्याच्या नावानिशी त्याला मातीत जाऊ दे. दुसरं काही नको."

म्हणजे मेल्यानं हसून अमोंदीलाही फसवलं होतं.

"पण ओग्वेनोशी भांडू नकोस," सिप्रोसा म्हणाली. "तंबू त्याचा, बैल त्याचा, पेटीसुद्धा त्याचीच. दिराला त्यानं सांगून ठेवलंय, गाणं तबकडीत आहे तसंच झालं पाहिजे. मी काय बोलू? मांस शिजतंय त्याच्या पैशाचं."

"म्हणजे नावही हवं आणि भांडणही नको?"

"देवाला सगळं ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे गं. कंडक्टरला ठाऊक नाही, त्याचं काय करू?"

न्यामोरीनं गज ओढला, ढोल सुरू झाले, अमोंदीनं घुंगरं बांधली. ओग्वेनो पुढच्या खुर्चीवर, पांढरे बूट, हातात माश्या हाकायला शेपटीचा चवर. पहिलं गाणं रंगतंय तोच त्यानं परातीत नोट टाकली आणि हात वर केला. न्यामोरीचा गज जागीच थांबला.

"मी ओग्वेनो!" तो उठून म्हणाला. "ज्याचा कोंबडा आरवला की शेजारचं गाव अंघोळीला निघतं! ज्यानं ओबुराला खेड्यातून उचलून गाडीगाडीत पोचवलं! वाजवा!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. रीत म्हणजे रीत. अमोंदीनं त्याचं नाव गुंफलं आणि तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. त्यानं पुन्हा थांबवलं. पुन्हा थांबवलं. आता तो आपल्या बुटांचंही बिरुद सांगू लागला. तंबूच्या कडेला ओबुराचे जुने सोबती, जाळी विणणारे म्हातारे, जमिनीकडे बघत बसले होते. मांसाचा वास सुटला होता.

तेवढ्यात प्रार्थना सांगणाऱ्या गुरुजींनी खूण केली. सहा जण पेटीकडे सरकले. ओग्वेनोनं चवर हलवला. "आता ते गाणं. माझं. तबकडीत आहे तसं."

अमोंदीनं सूर लावला. ओबुराचं गाणं तिच्या गळ्यातून निघालं तशी सिप्रोसा हुंदका देऊन खाली बसली. एक कडवं झालं. दुसरं झालं. नावाची जागा आली आणि ओग्वेनोचा हात खिशाकडे गेला.

त्याच्या आधी अमोंदीचा गेला. कमरेच्या गाठीत परतीचं भाडं होतं. तिनं ते ओढून काढलं, परातीत आपटलं आणि हात वर केला.

न्यामोरीचा गज सवयीनं थांबला. मग तो तोंड वासून बघत राहिला.

"हे काय?" ओग्वेनो हसला. "गाणारीच आपलं गाणं थांबवते? असं कुठे पाहिलंय?"

"पाहिलं नाही खरं," जाळीवाल्या म्हाताऱ्यांतला एक सावकाश म्हणाला. "पण पैसे परातीत पडलेत. बोलू दे तिला."

"मी अमोंदी, सेमे गावची लेक! मला माझं बिरुद सांगायचं नाही. मी ओबुराचं सांगते. ओबुरा, अडेरोचा लेक, ज्याच्या दाण्यावर दुसऱ्याच्या कोंबड्या पोसल्या!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"ओबुरा! नदीला तहान लागली म्हणून ज्यानं आपला माठ ओतला, आणि नदी माठच घेऊन गेली! ओबुरा! केंडूच्या हॉटेलात ज्याला म्हणाले, ओग्वेनोची गाणी चोरू नकोस! आपल्याच घरात चोर ठरलेला ओबुरा!"

आता कुणी हसलं नाही.

"आणि ओबुरा, तळ्याकाठचा सगळ्यात मोठा मूर्ख!" तिचा आवाज फाटला. ती आता पेटीकडे वळली होती. "ज्यानं रीत पाळली तिथं, जिथं समोरच्यानं यंत्र लावून ठेवलं होतं! तुम्हाला घसा होता ना हो बाबा? मग ओरडला का नाहीत? का मान खाली घातलीत?"

"वाजवा! वाजवा!" ओग्वेनोनं नोटांची चळत परातीत फेकली. "मी थांबवतोय. बास!"

"थांबलेल्याला काय थांबवतोस बाळा?" तोच म्हातारा म्हणाला. "तिनं थांबवलंय. 'वाजवा' तिनंच म्हणायचं."

अमोंदी म्हणाली नाही. घाम पुसत उभी राहिली.

मग सिप्रोसा उठली. पदराची गाठ दातांनी सोडली, आतलं नाणं परातीत टाकलं. "तुझं झालं की माझं," ती अमोंदीला म्हणाली. "मी सिप्रोसा. ओबुराचं सांगते. ज्याला मी जन्मभर नालायक म्हटलं आणि जन्मभर ज्याच्यासाठी दाराला कडी लावली नाही, तो ओबुरा!"

बायकांनी जिभेनं उलुउलु केलं. लगेच जाळीवाला उठला. त्याच्या लग्नात ओबुरा कसा फुकट वाजवून गेला ते त्यानं सांगितलं. मागोमाग मीठ विकणारी एक बाई, मग ओबुराची बहीण, मग केंडूहून आलेला ढोलकीवाला. कुणाजवळ नाणं, कुणाजवळ नुसतं अंडं. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं परातीत पडलेलं. ओग्वेनो दर वेळी हात वर करी आणि दर वेळी म्हातारा म्हणे, "रांगेत, बाळा, रांगेत."

अखेर गुरुजी उन्हाकडे बघून खाकरले. खांद्यांवर पेटी चढली. तेव्हा कुठे अमोंदी म्हणाली, "वाजवा."

गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच निघालं. "हे ओबुराचं गाणं! ओबुरा, अडेरोचा लेक!" आणि साऱ्या तंबूनं साथ दिली. सिप्रोसाचा आवाज सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठा. पेटी खड्ड्यात उतरेपर्यंत दुसरं नाव त्या गाण्यात आलं नाही.

अमोंदीनं परातीतली चळत उचलली आणि ओग्वेनोच्या हातात ठेवली. "घ्या दादा. तुमची पाळी आली नाही."

निघताना सिप्रोसानं तिला पाय बांधलेली कोंबडी दिली. न्यामोरी आणि ती सडकेला लागले तोच मागून गाडी आली आणि शेजारी मंदावली. काच खाली झाली.

"मूठभर लोकांनी ऐकलं, बाई," ओग्वेनो म्हणाला. "माझं सगळं तळं ऐकतंय."

"मग तळ्याला प्रदक्षिणा घालीन," अमोंदी म्हणाली. "धक्क्याधक्क्यावर, हॉटेला-हॉटेलात, तेराव्यात आणि बारशात. तुमच्या गाडीला पेट्रोल लागतं. मला नुसता राग पुरतो."

काच वर गेली. धुरळा उडाला. न्यामोरी खोकला. "बोललीस झकास. भाडं कुठाय?"

"परातीत."

"म्हणजे माझ्याच खिशातलं."

मटाटू आली ती सकाळचीच. कंडक्टरनं ओळखलं, कोंबडीसाठी बाकाखाली जागा केली. आणि गाणं? तेच. दुसरं कडवं सरलं, ओबुराचा सूर चढू लागला, नावाची जागा आली. सगळ्या मटाटूच्या ओठांवर ते खोटं नाव तयार होतं.

अमोंदीनं हात वर केला.

जन्मभराच्या सवयीनं कंडक्टरचा अंगठा गाण्याच्या यंत्राच्या बटणावर पडला. गाणं थांबलं. मग तो भानावर आला आणि हसला. "ए बाई! थांबवायचं तर परातीत टाकावं लागतं."

तिनं वाकून कोंबडी उचलली आणि त्याच्या कुशीत दिली. कोंबडी फडफडली, सगळी मटाटू खो खो हसली, न्यामोरीनं कपाळावर हात मारला.

"बरं, बोल सेमेवाली," कंडक्टर कोंबडी सावरत म्हणाला. "कुणाचं बिरुद?"

हसणं ओसरायची अमोंदीनं वाट पाहिली. राग सकाळइतकाच ताजा होता. ती बाकाला धरून उभी राहिली.

"मी अमोंदी," ती म्हणाली. "आणि हा जो आत्ता गात होता ना, तो ओबुरा."