दुपारचे जावईबापू

न्हाणीघराच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली उशी सहसा कुणाच्या घरी दिसत नाही. उस्तादांच्या घरी ती होती. उस्ताद उभे राहिले की त्यांचं कपाळ जिथं येईल, बरोबर तिथं. ती त्यांच्या बायकोनं ठोकली होती, आणि खिळे वाकडे गेले तरी उस्तादांनी तिला एका शब्दानं टोकलं नव्हतं. एरवी घरात एखादा स्क्रू तिरका दिसला तर ते भरल्या ताटावरून उठत.

उस्ताद म्हणजे प्लंबर. बंद दाराबाहेर उभं राहून आत कुठला नळ ठिबकतोय ते सांगणारा माणूस. पण दरवर्षी हवेत गारवा आला की त्यांच्या उजव्या डोळ्यामागे एक दुखणं मुक्कामाला यायचं. रोज दुपारी, चहाचं आधण ठेवायच्या वेळेला. डोळा लालभडक, त्याच बाजूची नाकपुडी वाहती, पापणी अर्धी मिटलेली, आणि आत कुणी तापलेला स्क्रू पिळतंय अशी कळ. अर्धशिशीचं माणूस अंधारात पडून तरी राहतं. यांना पडवत नसे, बसवत नसे. येरझाऱ्या घालायच्या आणि मधूनमधून भिंतीवर डोकं आपटायचं, एवढंच हातात होतं. मग दुखणं मनाला येईल तेव्हा निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. डॉक्टर त्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणत. घरात त्याचं नाव होतं जावईबापू. वेळेवर येणार, सगळ्या घराला एका पायावर उभं करणार, आणि तोंडावर कुणी ब्र काढायचा नाही! हे नाव उस्तादांनीच ठेवलं होतं. सासुरवाडीला आपण स्वतः कसे वागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज मात्र कुणाला थट्टा सुचत नव्हती. औजारांची पेटी दाराशी आणून ठेवली होती आणि संध्याकाळी लंबू ती न्यायला येणार होता. लंबू त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतंत्र धंदा करणारा प्लंबर. इतका उंच की बेसिनखाली शिरताना त्याला स्वतःची घडी घालावी लागे. गेल्या आठवड्यात एका घरी काम चालू असताना जावईबापू वेळेआधीच आले. उस्ताद जोड अर्धा आवळलेला सोडून उठले आणि जिन्यात फेऱ्या मारत राहिले. मागे पाणी सुटलं. खालच्या घरात एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांच्या अंथरुणावर छत गळलं. गृहस्थांना काही झालं नाही, उलट तेच उस्तादांची विचारपूस करायला वर आले. पण जोड अर्धा सोडून उठतो तो प्लंबर कसला, असं उस्तादांनी मनाला लावून घेतलं आणि धंदा बंद करायचं ठरवलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ त्या दिवसापासून ठिबकत होता, त्यालाही त्यांनी हात लावला नाही. बायको रडली, भांडली आणि शेवटी गप्प बसली.

गप्प बसली ती नवऱ्यापुढे. मागच्या खोलीत जाऊन तिनं धाकट्या बहिणीला फोन केला. ही बहीण इस्पितळात नर्स होती, आणि भाऊजींना घाबरणं हे तिच्या स्वभावात नव्हतं.

"भाऊजी, आमच्या घराला एक जावई पुरत नव्हता म्हणून डोक्यात दुसरा बोलावलात का?" दारातूनच तिनं विचारलं. मग पेटीकडे लक्ष गेलं आणि तिचा आवाज खाली आला. "ताई सांगते, इंजेक्शन घेऊनही उपयोग नाही झाला?"

"घेतलं की. काडीचा फरक नाही," उस्ताद म्हणाले. "डॉक्टर भला माणूस आहे, हृदयाची पट्टी, तो ईसीजी, काढली, सगळं नीट विचारलं. पण औषधच चुकीचं. ते म्हणे रक्ताच्या नळ्या आवळतं. अगं, नळी आवळली की मागे दाब वाढतो, हे शेंबड्या पोराला कळतं! आधीच डोकं फुटायला आलंय, त्यात नळ्या आवळायच्या?"

मेहुणी हसली नाही. इतकी वर्षं ती रोग्यांना हे औषध देत होती, पण असं कुणी तिला विचारलं नव्हतं. तिनं पेटीतून रबरी नळीचा एक तुकडा काढला, त्याला टेपचे वेढे दिले आणि तो उस्तादांच्या हातात ठेवला.

"ही नळी म्हणजे मेंदूच्या आवरणावरची रक्तवाहिनी. ही टेप म्हणजे चेहऱ्याची मोठी नस, तिचे धागे नळीला असे वेढून बसलेत. जावईबापू आले की ही नस पिसाळते. नुसती ओरडत नाही, टोकांतून रसायनं सोडते. त्यानं नळी फुगते, सुजते. सुजली की नस आणखी चिडते. तुमचे पाइप दुखत नाहीत भाऊजी, आमचे दुखतात."

"म्हणजे गळतीतून गळती," उस्ताद पुटपुटले.

"अगदी तसंच. हे औषध दोन जागी काम करतं. नळीच्या भिंतीवर बसतं आणि फुगलेली नळी मूळ मापावर आणतं. आणि नसेच्या टोकांवर बसून ती रसायनं सोडणं थांबवतं. आपल्या अंगात सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं, त्याच्या खाचा ठरलेल्या असतात. त्यातल्या काही खाचांत हे जाऊन बसतं. अशा खाचा त्या डोक्यातल्या नळ्यांवर भरपूर. म्हणून पाठ दुखली तर याचा काही उपयोग नाही, ही काही नेहमीची दुखण्यावरची गोळी नव्हे. हां, हृदयाच्या नळ्याही थोड्या आवळू शकतात, म्हणून तर पट्टी काढली. तुमची भीती अगदीच वेडेपणाची नव्हती."

उस्ताद बराच वेळ नळीचा तुकडा फिरवून बघत राहिले. त्यांचं आयुष्य आट्याला आटा जुळवण्यात गेलं होतं. दिसायला सारखे दोन नट, पण एक बसतो आणि दुसरा बसत नाही, यात त्यांच्या कितीतरी दुपारी खर्ची पडल्या होत्या. आणि इथं मांडीत टोचलेला थेंब सगळ्या अंगातून फिरत जातो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या खाचेत नेमका बसतो! हे ज्यांनी घडवलं त्यांच्याविषयी उस्तादांना एकदम फार आदर वाटला. एवढं बारीक काम करणारा माणूस समोर असता तर त्यांनी उठून खुर्ची दिली असती.

"मग माझ्यावरच का नाही चाललं?" त्यांनी हळूच विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता.

"घेतलं कसं, तेवढं दाखवा."

इंजेक्शन म्हणजे जाड पेनासारखी नळी होती, मांडीवर दाबली की सुई आपोआप आत जाणारी. दोन मिळाली होती. वापरलेलं रिकामं पेन घेऊन उस्तादांनी रीतसर दाखवलं. मांडीवर टेकवलं, दाबलं आणि लगेच उचललं.

"असं. सुरुवातीला थोडंच घेतलं. नवी लाइन असली की कॉक एकदम उघडायचा नाही. पाणी दणका देतं, जोड उडतात. आधी जरासं सोडायचं, बघायचं, मग पुढे."

मेहुणीनं कपाळाला हात लावला. "अहो, ते टक् झाल्यावरसुद्धा दाबून धरायचं असतं! सगळं औषध आत जाईपर्यंत. मांडी ओली झाली होती का?"

"झाली होती. मला घाम वाटला."

"पायजमा ओला होता," बायको म्हणाली. "मीच धुतला."

"घ्या! औषध पायजम्याला मिळालं. आता पायजम्याचं डोकं जन्मात दुखायचं नाही!"

बायको खळखळून हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून ती भिंतीकडे वळली. उस्ताद तिच्याकडे बघत होते, तेवढ्यात त्यांचा उजवा डोळा पाणावला. त्यांना वाटलं, आपल्यालाही रडू येतंय. पण डावा कोरडाच होता.

जावईबापू आले होते. उस्ताद उठून न्हाणीघराकडे धावले. मेहुणी दुसरं पेन घेऊन मागोमाग गेली.

"मी देऊ?"

"नको. कॉक माझा मी उघडतो."

त्यांनी पेन मांडीवर दाबलं, टक् झालं, आणि सगळ्या सवयी गिळून ते दाबूनच धरलं. मेहुणी सावकाश आकडे मोजत होती. ती "उचला" म्हणाली तेव्हाच त्यांनी ते उचललं.

मग पुन्हा येरझाऱ्या. कपाळ उशीवर, आणि उशी व कपाळ यांच्यामध्ये बायकोचा तळवा, रोजच्यासारखा. मानेवर ऊन पडल्यासारखं वाटलं, छाती किंचित जड झाली. उस्ताद दचकले. "होतं तसं, सरेल," मेहुणी म्हणाली. "वाढलं तर लगेच सांगा." तिची नजर त्यांच्यावरून हलली नाही.

चहा उकळून, गाळून, कपात ओतावा एवढ्याच वेळात काहीतरी बदललं. डोळ्यातला स्क्रू उलटा फिरायला लागला होता. एक आटा, आणखी एक आटा. इतक्या वर्षांत हे दुखणं स्वतःच्या लहरीनं जाताना उस्तादांनी पाहिलं होतं, कुणी घालवल्यामुळे जाताना कधीच नाही.

पण उस्तादांनी घाई केली नाही. नवी लाइन पाण्यानं भरून, दाब मोजायचं गेज लावून, काटा स्थिर राहतो का ते बघत बसल्याशिवाय त्यांनी आजवर कुठली भिंत बुजवू दिली नव्हती. त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. बसवलं, हेच मोठं नवल! डोळा मिटून बघितला, उघडून बघितला. मान हलवून बघितली. काटा जागचा हलला नाही.

"गेलं," ते म्हणाले. मग मेहुणीचे दोन्ही हात धरून त्यांनी ते कपाळाला लावले. लहान मेहुणीच्या बाबतीत असं कुणी करत नाही, पण त्यांना राहवलं नाही.

"उद्या येतील पुन्हा," मेहुणी डोळे पुसत म्हणाली. "हे आलेल्याला घालवतं, येणं थांबवत नाही. त्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतील. आणि दिवसाला किती घ्यायचं त्याला मर्यादा आहे, ती पाळायची."

"येऊ देत. जावयाला दार दाखवता येतं, हे तरी कळलं."

ती गेली. उस्ताद बाहेर आले तर बायको खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. मान कलंडलेली, रोज उशीवर ठेवायचा तो तळवा मांडीवर उघडा पडलेला. या वेळेला ती कधी बसलेलीसुद्धा त्यांना आठवेना. तिचं काय होत असेल, हे आपण एकदाही विचारलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दारात लंबू वाकून उभा राहिला. "उस्ताद, पेटी—"

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. प्रत्येक थेंबाला तिची पापणी किंचित हलत होती.

"पेटी द्यायची नाही," ते कुजबुजले. "झाकण धर, वाजेल."

लंबूनं काही न विचारता झाकण उचलून धरलं. उस्तादांनी पाना काढला, चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले, नळापाशी वाकले, आणि जोड पुरता आवळला जाईपर्यंत तिथून उठले नाहीत.