कुलपाशी बसलेले बाबा

साथ आली आणि ज्या हॉस्पिटलात ती चादरी धुवायची तिथलं काम दुपटीनं वाढलं. पगार मात्र अडकला. समोरच्या खोलीतल्या गाण्याच्या बाईंच्या शिकवण्याही बंद पडल्या होत्या. दोघींचंही भाडं थकलं. घरमालक जिना चढून आला. गोऱ्या बाईंना म्हणाला, "सवडीनं द्या हो." मग हिच्या काळ्या हातांकडे बघत दोन पावलं मागं सरकला.

"तुम्ही लोक आजार घेऊन येता. खोली रिकामी करा."

त्यांच्या रंगाच्या माणसांना तेव्हा दुसरी खोली कोण देणार? म्हाताऱ्या बाबांना घेऊन ती भावाकडे गेली. गॅरेजवरची एकच खोली, आधीच गच्च भरलेली. एकजण खोकला की सगळे श्वास रोखून धरायचे.

बाबांच्या काही लक्षात राहायचं नाही. दुपारी सगळ्यांचा डोळा चुकवून ते जुन्या घरी जायचे, कुलपाशी खोकत बसायचे. कामावरून सुटली की ती त्यांना आणायला जायची.

"कुठं निघाला होतात, बाबा?"

"अगं, घरी."

पुढं भावाच्या खोलीत आजार शिरला. बाकीचे त्यातून उठले. बाबा उठले नाहीत.

नंतर एकदा गाण्याच्या बाई हॉस्पिटलच्या फाटकाशी तिची वाट बघत उभ्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

"तुझे बाबा अजून येतात गं. माझं दार वाजवतात, पाणी मागतात."

"बाबा गेले, बाई."

"माहीत आहे."

"होते तेव्हाही वाजवायचे?"

बाईंनी मान खाली घातली. "भीती वाटायची. कधी उघडलं नाही."

तिनं तडक जुनं घर गाठलं. खोली अजून रिकामीच होती. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. तिनं दाराला कान लावला. आत काहीच नाही. मग अगदी पाठीशी, ओळखीचा खोकला.

वळून बघायचा धीर झाला नाही.

"चला बाबा," ती म्हणाली. "इथं आपलं कुणी नाही."

एकेक पायरी थांबत ती उतरली. त्यांचे गुडघे दुखायचे.

भावाकडे पोचल्यावर तिनं आपली सतरंजी पार भिंतीपर्यंत ओढली. वहिनी वैतागली, "आता आणखी कोण येतंय?" मग तिची नजर हिच्या चेहऱ्यावर गेली. ती मुलांना हळूच म्हणाली,

"सरका रे थोडे. आजोबांना जागा द्या."