राहणार किती जण?

वन्सं बावीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवत होत्या. वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या, ते ऐकून शेजारीपाजारी म्हणायला लागले, आणि शेवटी लॅबचे मालकही. त्या मालकांनी वय झालं म्हणून लॅब बंद केली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी वन्संना मोठ्या शहरातल्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. मेणात दात बसवणाऱ्या बारा जणांवर देखरेख करायची होती. आठ दिवसांत रुजू व्हायचं होतं आणि घर शोधायला हातात दोनच दिवस.

वहिनी बरोबर आल्या. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोघी नणंद-भावजया एकाच घरात राहत होत्या, आणि लोक या नात्याबद्दल काहीही म्हणोत, त्यांचं भांडण कधी पंख्याच्या वेगापलीकडे गेलं नव्हतं. वहिनींची ख्याती मात्र अशी की काडेपेटी उघडली तरी त्यांना मोडकी काडीच आधी दिसायची. त्यामुळे घर बघायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस नाही, असं वन्संना वाटत होतं.

दलालाने पहिलं घर दाखवलं ते लॅबपासून चालत दहा मिनिटांवर, अकराव्या मजल्यावर. एक खोली आणि तिच्याच कोपऱ्यात ओटा. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ की खडू घेऊन तिच्यावर हिशेब करता आला असता. वन्संचा जीव तिथेच घुसमटला. वहिनी मात्र खुशीत होत्या. सुटसुटीत आहे, झाडायला पाच मिनिटं पुरतील, धूळ येणार नाही, असं त्यांनी एकेक सांगितलं.

लिफ्ट बंद पडली तर काय, असं वन्संनी विचारलं, तेव्हा तुमचे पाय धडधाकट आहेत, म्हणून त्यांनी तो प्रश्नही निकालात काढला. ज्या बाईचा डावा गुडघा तीन पायऱ्यांत कुरकुरतो, तिने असं बोलावं याचं वन्संना नवल वाटलं.

दुसरं घर नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत होतं. तळमजला, दोन ऐसपैस खोल्या, मागे फरशी घातलेलं अंगण, कोपऱ्यावर दवाखाना. रस्त्यावर झाडं होती आणि झाडांखाली बाकं. वन्संनी मनातल्या मनात पलंगसुद्धा लावून टाकले. पण इथून लॅबला जायला दोन बस आणि सव्वा तास लागणार होता, हे दलालाने सांगताच वहिनी उखडल्या. भिंतीला ओल आहे, दरवाजा घासतो, आणि रोज अडीच तास बसमध्ये घालवून वर्षभरात माणसाची मान मोडेल, हे सगळं त्या एका दमात बोलल्या.

वन्सं म्हणाल्या, घर मला आवडलंय. वहिनी म्हणाल्या, आवडून काय करायचंय. बिचारा दलाल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याने वही काढली आणि हलकेच विचारलं,

"राहणार किती जण?"

"दोघी," वन्सं म्हणाल्या.

"एकटीच," वहिनी त्याच क्षणी म्हणाल्या.

दलाल समजूतदार होता. फोन आल्याचं निमित्त करून तो फाटकाबाहेर गेला.

दोघी अंगणातल्या पायरीवर बसल्या. मग वहिनींनी सांगितलं की त्यांनी बहिणीकडे जायचं ठरवलंय, तिने खोलीही रिकामी केलीय. आणि गुडघ्याकडे बघत म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी याच शहरातून तुम्हाला बोलावणं आलं होतं. ते पत्र मी वाचलंय, वन्सं. तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणालात. आता पुन्हा माझ्या गुडघ्यापायी तुम्ही अडीच तास बसमध्ये बसायचं? इतकं ओझं मला पेलवत नाही."

वन्सं गोंधळल्या. पत्र त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवलं होतं, आणि नकाराचं खरं कारण त्याहूनही खोल.

"तुझ्यासाठी नाही गं," त्या म्हणाल्या. "मी भ्याले होते. आयुष्यात एक दिवस एकटी राहिले नाहीये मी. आधी आई, मग तुम्ही दोघं. दादा गेला तेव्हा सगळे म्हणाले, नणंदेनं भावजयीला सांभाळलं. मी गप्प बसून ते कौतुक घेतलं. सांभाळलं कुणी कुणाला, ते मला माहीत आहे." त्या वहिनींकडे वळल्या. "बहिणीकडे जायचं असेल तर जा. पण माझ्यावर उपकार म्हणून जाऊ नकोस."

वहिनींनी पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. बहिणीचा नवरा दिवसभर टीव्ही मोठ्याने लावतो, एवढंच त्या म्हणाल्या. नंतर जरा थांबून, "यायचं तर आहे मला. पण या घरात नाही."

दलालाकडे तिसरं घर होतं. त्याने ते दाखवायचं टाळलं होतं, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. बसने पंचवीस मिनिटं, पहिला मजला, खाली काचा कापण्याचा कारखाना. जिना अरुंद होता, पण मध्ये वळणावर टेकायला कट्टा होता. वहिनी तिथे एकदा बसल्या आणि मग वर आल्या. आल्या आल्या दोघींनी सुरुवात केली. नळ ठिबकतो. रंग कुणी निवडला हा? या खोलीत कपाट मावेल, पण मग दार उघडणार नाही. खालून काच कापल्याचा आवाज आला की दोघींचे दात एकदम शिवशिवत. दलालाने न विचारताच कागद बाहेर काढले.

वहिनी तीन आठवड्यांनी सामानासह आल्या. बहीण रुसली ती रुसलीच. तिची समजूत काढायला पुढे दोन महिने लागले. वन्संचंही नव्या जागी सुरळीत नव्हतं. हाताखालची माणसं पहिले काही दिवस त्यांना पाहुणीसारखं वागवत, आणि संध्याकाळी त्या गप्प गप्प घरी येत.

वहिनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं कामाला निघाल्या, तर जिन्याखाली वहिनी कारखान्याच्या मालकिणीशी वाद घालत उभ्या होत्या. काचेचे तुकडे रस्त्याच्या कडेला का टाकता, असा मुद्दा होता. मालकीणही काही कमी नव्हती. वन्संनी दोघींच्या मधून वाट काढली आणि बस गाठली. खिडकीशी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज घराला कुलूप लावायचं राहिलं, आणि त्याची गरजही नव्हती.