दुसऱ्याच्या रानातली माती

अंकिताने खुरपं घातलं, वीतभर खालची माती पिशवीत भरली आणि आकाराममामांकडे पाहिलं. मामा बांधावर बसून तंबाखू मळत होते. मळून झाली तरी मळतच होते.

"मामा, मेंढरं नक्की इथंच बसली होती ना?"

"व्हय की. नाथाजीच्या रानात, तीन रात्री."

औंधच्या या रानात ती चौथ्यांदा आली होती. मेंढरं बसलेल्या या रानातली म्हणून मामांनी पाठवलेल्या मूठभर मातीतल्या एका जिवाणूने सांगलीच्या प्रयोगशाळेत कमाल केली होती. पेशीतला कचरा मोडणारं एक यंत्र असतं, प्रोटिअसोम. ते बंद पाडलं की रक्ताच्या कर्करोगाची पेशी स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरते. मामांची बायको भामामामी हिला तोच रोग होता; तिचं औषध हेच करायचं, पण रोग आता त्याला दाद देईना. अंकिताच्या जिवाणूचा अर्क मात्र असल्या निगरगट्ट पेशींनाही पुरून उरला. एकदाच! मग मेला फ्रीझर बंद पडला आणि जिवाणू गेला. एकदा दिसलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? पुन्हा दाखवा, नाहीतर दिवाळीला काम गुंडाळा, असं प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं.

"ही अठ्ठाविसावी पिशवी. सत्तावीस फुकट गेल्या," ती पिशवीला गाठ मारत म्हणाली. "माझं काय चुकतंय तेच कळत नाही."

मामांनी तंबाखू तोंडात न टाकता झटकून दिली.

"तुजं न्हाई चुकत. ती माती हितली न्हवंच."

"काय?"

"दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवावी, लेंडी ठिवावी, पर माती उचलू न्हाई, असं माजा बा सांगायचा. म्हनून आपल्या रानातली भरली."

"अवो मामा, चार खेपा घातल्या मी! बोलायचं तरी!"

"कसं सांगायचं त्येच कळंना. चल."

दोघं मोटरसायकलवरून आटपाडीला मामांच्या घरी आली. घरामागच्या बोरीखाली मामांनी काट्यांची फांदी ओढली. खाली गुडघाभर खड्डा होता.

"मामीनं सोताची जागा दावून ठिवलीया," मामा खड्ड्याकडे न बघता म्हणाले. "आपल्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. खडक लागतुय का बघाय जरासं खणलं. त्यातलीच माती दिली तुला."

घरातून मामीची हाक आली. "अंकी आली व्हय? च्या ठिवते गं!"

अंकिताचा राग कुठल्या कुठे गेला. तिने खुरपं खाली ठेवलं.

"मामा, खोटं बोलत नाही. यातून निघालं तरी औषध व्हायला दहा-बारा वर्षं जातील. मामीला..."

"ठावं हाय. तू भर."

तिने तीन पिशव्या भरल्या. चौथीसाठी खाली वाकली, तसं मामांनी तिचं मनगट धरलं.

"पुरं कर, पोरी. लय खोल नगं."

दिवाळी आठ दिवसांवर आली असताना मामांचा फोन वाजला.

"मामा, सापडला! तोच जिवाणू. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा पेशी मेल्या." अंकिता रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "आणि ऐका, अजून काय काय असंल त्या मातीत. ती जागा राखून ठेवा. कुणाला खणू देऊ नका."

 मामांनी फोन कानापासून दूर धरून घराकडे हाक मारली.

"आगं ए, ऐकलंस का? तुजी जागा गेली. आता तुला ऱ्हावं लागतंय."